गोळी थांबवायची की चालू ठेवायची?

यावेळच्या पत्रांत बहुतेकांचा विषय एकच निघाला: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर, प्रासुग्रेल. हार्ट ॲटॅक, अँजिओप्लास्टी किंवा पॅरालिसिसचा झटका येऊन गेल्यावर यातली एक किंवा दोन औषधं देतात. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळी करू नयेत, एवढंच त्यांचं काम. सारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत. तुमच्या कागदावर हृदयरोगतज्ज्ञांनी वेगळं काही लिहिलं असेल, तर ते आधी.

चार महिन्यांपूर्वी हार्ट ॲटॅक आला, स्टेंट बसवला. ॲस्पिरिन ७५ एक वेळ आणि टिकाग्रेलॉर ९० दोन वेळा चालू आहे. दाढ काढायची आहे. दाताचे डॉक्टर म्हणतात, दोन्ही गोळ्या पाच दिवस बंद करून या. करू का? (वय ६१, दादर)

नको. दोन्ही चालू ठेवूनच दाढ काढता येते आणि बहुतेक ठिकाणी तशीच काढतात.

स्टेंट म्हणजे धातूची जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचं अस्तर चढायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तोवर प्लेटलेट तिच्यावर जमायला बघतात. पहिला महिना सगळ्यात धोक्याचा. ॲटॅकनंतर बसवलेल्या स्टेंटला साधारण वर्षभर दोन गोळ्या देतात त्या यासाठीच. ॲटॅक न येता ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर हा काळ बहुधा सहा महिन्यांचा असतो, आणि रक्तस्रावाची भीती जास्त असेल तर त्याहूनही कमी. तुम्ही चौथ्या महिन्यात आहात. हिरडीतून येणारं रक्त डोळ्यांना दिसतं आणि बोटाने दाबता येतं. स्टेंटमध्ये झालेली गुठळी थेट दुसरा ॲटॅक होऊन समोर येते, आणि तो पहिल्यापेक्षा जड जाण्याची शक्यता जास्त.

दंतवैद्यांना एवढं सांगा: एका वेळी एक किंवा दोनच दात काढा, खड्ड्याला टाके घाला, ट्रॅनेक्सामिक ॲसिड या रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेला बोळा ठेवा. वेळ सकाळची घ्या, आणि शनिवारची घेऊ नका. रात्री किंवा दुसऱ्या दिवशी रक्त सुरू झालं तर दवाखाना उघडा असलेला बरा. घरी आल्यावर बोळा सलग २० ते ३० मिनिटं चावून धरायचा. दर दोन मिनिटांनी काढून आरशात पाहायचं नाही. नेमकं तेवढ्यानेच धरलेली खपली सुटते. पहिले २४ तास खळखळून चूळ नाही, गरम चहा नाही, मिश्री-तंबाखू अजिबात नाही. पुन्हा रक्त आलं तर नवा बोळा, पुन्हा २० मिनिटं. त्यानेही थांबलं नाही तर फोन करा. थुंकीत रक्ताची लाल झाक दुसऱ्या दिवसापर्यंत दिसते, तिला घाबरू नका. दुखलं तर पॅरासिटामॉल.

मोठ्या शस्त्रक्रियेची गोष्ट वेगळी. हर्निया, प्रोस्टेट, गुडघा बदलणं यांसारखी थांबू शकणारी ऑपरेशन्स स्टेंटनंतरचे ठरलेले महिने उलटेपर्यंत पुढे ढकलतात. ढकलता येत नसेल तर ॲस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात आणि दुसरी गोळी थांबवतात: क्लोपिडोग्रेल ५ दिवस आधी, प्रासुग्रेल ७ दिवस, टिकाग्रेलॉर ३ ते ५ दिवस. हा हिशेब प्लेटलेटच्या आयुष्यावरून आला आहे. प्लेटलेट ७ ते १० दिवस जगते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि प्रासुग्रेल तिला मरेपर्यंत निकामी करतात, त्यामुळे रोज नव्याने तयार होणाऱ्या दहाव्या हिश्शाची वाट पाहावी लागते. टिकाग्रेलॉरची पकड सुटणारी असते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सहसा काहीच थांबवत नाहीत. कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत, नुसतं पाहायचं आहे की पॉलिप (आतड्यातली छोटी गाठ) काढायचा आहे, ते आधी विचारा. उत्तर त्यावर ठरतं.

आणि सगळ्यात जास्त घोटाळा कशात होतो? गोळी थांबवण्यात नाही, पुन्हा सुरू करण्यात. सर्जन म्हणतात, हृदयवाले सांगतील. हृदयवाल्यांना ऑपरेशन झाल्याचं ठाऊकच नसतं. घरचे समजतात, बंद झाली. म्हणून कोणती गोळी, कुठल्या तारखेला थांबवायची आणि कुठल्या तारखेला पुन्हा सुरू करायची, हे तिन्ही एका कागदावर सहीनिशी लिहून घ्या.

बाबांना बायपासनंतर दोन गोळ्या चालू आहेत. गेल्या पावसाळ्यात शेजारच्यांना डेंग्यू झाला तेव्हा प्लेटलेट खूप खाली गेल्या होत्या. बाबांना ताप आला तर लगेच गोळ्या बंद करायच्या का? (भांडुप)

नुसता ताप आला म्हणून बंद करू नका. पण ताप अंगावरही काढू नका. मुंबईत जुलै ते ऑक्टोबर डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) तिन्ही असतात, आणि तिन्हींत प्लेटलेटचा आकडा घसरू शकतो.

आधी एक गैरसमज. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलने प्लेटलेटची संख्या सहसा कमी होत नाही. आकडा दीड-दोन लाख दिसतो, पण त्यातल्या बऱ्याच प्लेटलेट काम करत नसतात. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये हे कुठेच दिसत नाही. त्यामुळे ६० हजार प्लेटलेट असलेला शेजारी आणि ६० हजार प्लेटलेट असलेले तुमचे बाबा, दोघांची परिस्थिती एक नव्हे.

पहिल्या दिवसापासून काय करायचं ते सांगतो. तापाला फक्त पॅरासिटामॉल, ५०० किंवा ६५० मिलीग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर. लिव्हरचा आजार किंवा रोजचं मद्यपान असेल तर डॉक्टर याहूनही कमी सांगतील. कॉम्बिफ्लाम नको, त्यात आयबुप्रोफेन आहे. डिस्प्रिन नको, ती ॲस्पिरिनच. दवाखान्यात गेल्या गेल्या ‘एक इंजेक्शन मारा’ असा आग्रह धरू नका. तापाच्या इंजेक्शनमध्ये अनेकदा डायक्लोफेनॅक असतं. आत गेल्याबरोबर, नाडी बघायच्या आधी, सांगायचं: ‘यांना बायपास झालंय, या दोन गोळ्या चालू आहेत.’ स्ट्रिप बरोबर न्या.

दुसऱ्या दिवशीही ताप असेल तर सीबीसी, डेंग्यूची एनएस-१ आणि मलेरियाची तपासणी करून घ्या. एनएस-१ पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची. साचलेल्या पाण्यातून चालून आले असतील तर तेही सांगा, लेप्टोचा विचार त्यावरून होतो. डेंग्यू निघाला तर सीबीसी रोज.

आकड्यांचा ढोबळ हिशेब असा: प्लेटलेट ५० हजारांच्या वर आणि कुठूनही रक्त येत नसेल, तर गोळ्या सहसा चालू राहतात. ३० ते ५० हजारांत रुग्णाला दाखल करून रोज निर्णय घेतात. ३० हजारांच्या खाली गेल्या तर बहुधा थांबवतात. पण स्टेंट बसून महिना झालेला माणूस आणि बायपासला पाच वर्षं झालेला माणूस यांना एकच फूटपट्टी लावत नाहीत. हिरडीतून, नाकातून, लघवीतून रक्त, काळी शौच, सतत पोटदुखी किंवा उलट्या यांपैकी काहीही दिसलं तर आकड्याची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. डेंग्यूत खरा धोका ताप उतरतो त्याच सुमारास असतो. घरचे नेमके तेव्हाच निर्धास्त होतात. पपईच्या पानांचा रस कोणी आणून दिला, तर त्याच्या भरवशावर सीबीसी टाळू नका.

आकडा चढू लागल्यावर गोळ्या कधी सुरू करायच्या, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून मागा. बाबांना दोन गोळ्या किती काळासाठी दिल्या आहेत, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

दोन वेळची गोळी संध्याकाळी हटकून विसरते. ऑफिसमधून निघायला उशीर, गाडीला गर्दी, घरी पोहोचेपर्यंत दहा. मग दोन एकदम घेतल्या तर चालेल? (वय ५२, कल्याण)

दोन एकदम कधीच नाही, कुठल्याच औषधाच्या.

टिकाग्रेलॉरचा डोस चुकला तर चुकला. पुढचा ठरलेल्या वेळी घ्यायचा. मात्र त्याचा असर १२ तासांच्या हिशेबाने असतो, त्यामुळे रोजच संध्याकाळ बुडत असेल तर ती अर्धीच औषधयोजना झाली. वेळ बदला. सकाळी आठ आणि रात्री आठ यात काही पवित्र नाही. सकाळी साडेनऊला ऑफिसच्या टेबलावर आणि रात्री साडेनऊला ट्रेनच्या डब्यातसुद्धा घेता येते, पाण्याची बाटली जवळ असली म्हणजे झालं. तरीही जमत नसेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी तुम्हाला चालेल का, ते पाहतील. क्लोपिडोग्रेल विसरली आणि १२ तासांच्या आत आठवली तर लगेच घ्या, त्यानंतर आठवली तर सोडून द्या. ॲस्पिरिन त्या दिवशी आठवेल तेव्हा.

गोळ्या संपण्याचंही एक गणित आहे. काही स्ट्रिप १४ गोळ्यांच्या असतात. अशा दोन आणल्या की २८ दिवस होतात आणि महिना असतो ३० किंवा ३१ दिवसांचा. तीच २-३ दिवसांची फट दर महिन्याला पडते. तीन स्ट्रिप आणा. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना मुक्कामाच्या दिवसांहून आठवडाभराच्या जास्त घ्या. वाडीवरच्या दुकानात टिकाग्रेलॉर मिळेलच असं नाही.

सासूबाईंना गुडघेदुखी आहे आणि स्टेंटही आहे. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल चालू असताना कोणती वेदनाशामक चालते? (गिरगाव)

पॅरासिटामॉल. तेही दिवसाला जास्तीत जास्त ३ ग्रॅम, म्हणजे ६५० च्या चार गोळ्यांपर्यंत.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, ॲसिक्लोफेनॅक ही मंडळी टाळा. ती पोटाच्या अस्तराला इजा करतात आणि ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल ती जखम बुजू देत नाहीत. आयबुप्रोफेनचा वेगळाही उपद्रव आहे: ते प्लेटलेटमधल्या त्याच जागी आधी जाऊन बसतं जिथे ॲस्पिरिनने बसायचं असतं. ॲस्पिरिनला जागा मिळत नाही, तासाभरात ते रक्तातून ओसरतं, आणि घेतलेली गोळी वाया जाते. म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढला आणि संरक्षणही गेलं.

गुडघ्यावर लावायचं डायक्लोफेनॅक जेल थोड्या जागेवर, थोडे दिवस चालतं. त्यातून रक्तात फार कमी जातं. शेक आणि मांड्यांचे व्यायाम जास्त कामाचे. ओळखीच्या कुणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्या आणि ‘सांधेदुखीवर रामबाण’ काळ्या गोळ्या मात्र घरात नकोत. त्यांत स्टेरॉइड किंवा हीच वेदनाशामकं सापडतात.

ॲसिडिटीसाठी मी वर्षानुवर्षं ओमेझ घेतो. आता क्लोपिडोग्रेल सुरू झाली. केमिस्टने पॅन ४० दिली. फरक काय? (वय ५९, मुलुंड)

केमिस्टने बरोबर केलं, फक्त डॉक्टरांना विचारून करायला हवं होतं.

क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. लिव्हरमधलं एक एन्झाइम, सीवायपी२सी१९, तिला कामाच्या रूपात आणतं. ओमेप्रॅझोल (म्हणजे तुमची ओमेझ) आणि एसोमेप्रॅझोल नेमकं तेच एन्झाइम दाबतात. पॅन्टोप्रॅझोलचा, म्हणजे पॅन ४० चा, त्यावर परिणाम बराच कमी. दक्षिण आशियाई माणसांत हे एन्झाइम जन्मतःच मंद असण्याचं प्रमाण बरंच आहे. त्यांच्या वाटेत आणखी अडथळा कशाला? पॅन्टोप्रॅझोल सकाळी नाश्त्याआधी अर्धा तास घ्या. नाश्त्यानंतर घेतली तर तिचा अर्धाअधिक उपयोग गेला.

वय ६५ च्या वर, पूर्वी अल्सर, किंवा दोन गोळ्या एकदम चालू असतील तर पोटाला संरक्षण देणारी ही गोळी ऐच्छिक समजू नका. पूर्वी अल्सर होता त्यांनी एच. पायलोरी जंतूची तपासणीही करून घ्यावी. पुष्कळांना वाटतं, ॲस्पिरिनवर लेप असतो, म्हणजे पोट सुरक्षित. लेपाने जळजळ थोडी कमी होते, रक्तस्राव नाही. ॲस्पिरिन रक्तातून फिरून पोटाच्या अस्तरापर्यंत पोहोचतंच. तो लेप टिकावा म्हणून गोळी अख्खी गिळायची, चुरायची नाही.

पोटात हळूहळू रक्त जात असेल तर ओळखायचं कसं? शौच डांबरासारखी काळी, चिकट, आणि वास नेहमीचा नाही, वेगळाच उग्र. टॉयलेटमध्ये पाणी टाकूनही चिकटून राहते. लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण ती हिरवट-काळी, घट्ट असते आणि तसा वास नसतो. बिटाने लाल दिसते, तिचं काही नाही. स्टेशनचा पूल चढताना पूर्वी न लागणारा दम लागायला लागला, चेहरा फिकट दिसू लागला, तर हिमोग्लोबिन तपासा. दम लागला की सगळ्यांना आधी हृदय आठवतं. या गोळ्या चालू असताना हिमोग्लोबिनही आठवलं पाहिजे.

हॉस्पिटलने इकोस्प्रिन ७५ लिहून दिली. फॅमिली डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी इकोस्प्रिन-एव्ही दिली. दोन्ही घेतो. (वय ६६, विलेपार्ले)

तुम्ही रोज दुप्पट ॲस्पिरिन घेताय. ‘एव्ही’मध्ये ॲस्पिरिन आणि ॲटोर्व्हास्टॅटिन दोन्ही आहेत. ‘गोल्ड’ असेल तर त्यात क्लोपिडोग्रेलही. क्लोपिटॅब-ए, डेप्लॅट-ए यांच्या शेवटचा ‘ए’ ॲस्पिरिनचा. डॉक्टरांना आजच फोन करून कोणती ठेवायची ते विचारा. दोन्ही एकदम बंद करू नका.

घरात करून पाहायची तपासणी: सगळ्या स्ट्रिप टेबलावर उलट्या ठेवा. चंदेरी बाजूला बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं. प्रत्येक स्ट्रिपवरची मूळ नावं एका कागदावर उतरवा. एखादं नाव दोनदा आलं की घोटाळा सापडला. केमिस्टने कापून दिलेल्या अर्ध्या स्ट्रिपवर कधी नावच नसतं, कधी एक्स्पायरीची तारीख. तो तुकडा परत करा आणि अखंड स्ट्रिप मागा. जनऔषधी केंद्रातली जेनेरिक गोळी घ्यायला हरकत नाही. फक्त ती सुरू केली की जुन्या ब्रँडची स्ट्रिप डब्यातून काढून टाका.

आईला सौम्य पॅरालिसिसचा झटका येऊन वर्ष झालं. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही अजून चालू आहेत. (ठाणे)

हे पत्र वाचून आम्ही थबकलो, कारण असं पुष्कळ घरांत चालू असतं. सौम्य झटक्यानंतर किंवा काही मिनिटांत बऱ्या झालेल्या झटक्यानंतर दोन गोळ्या साधारण पहिले २१ दिवस देतात, काही वेळा ९० दिवसांपर्यंत, आणि मग एकीवर आणतात. फायदा बहुतांश सुरुवातीच्या आठवड्यांत असतो. पुढे दोन्ही चालू ठेवल्या की पोटात आणि मेंदूत रक्तस्रावाची शक्यता वाढत जाते, फायदा वाढत नाही. आईला स्टेंट असेल किंवा मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत अरुंद जागा असेल, तर दोन्ही ठेवायला वेगळं कारण असू शकतं. न्यूरॉलॉजिस्टना हाच प्रश्न विचारा: ‘दोन्ही किती दिवसांसाठी लिहिल्या होत्या?’ बहुतेकदा जुनं प्रिस्क्रिप्शन दाखवून केमिस्टकडून तेच तेच आणलं जातं आणि थांबायची तारीख कुणी पाहत नाही. आणखी एक: झटका येऊन गेलेल्या माणसाला प्रासुग्रेल देत नाहीत.

मला काहीच आजार नाही. सोसायटीतले सगळे पन्नाशीनंतर रोज इकोस्प्रिन घेतात. मीही सुरू करू? (वय ६२, बोरिवली)

नाही. निरोगी माणसात ॲटॅक टाळण्याचा जो थोडा फायदा होतो तो पोटातल्या रक्तस्रावात जवळजवळ वाहून जातो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ॲस्प्री अभ्यासात १९,११४ वयस्क, बहुतेक सत्तरीपुढच्या, निरोगी लोकांत रोज १०० मिलीग्रॅम ॲस्पिरिनने ना आजारपण टळलं ना आयुष्य वाढलं. मोठे रक्तस्राव मात्र वाढले. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य कृतिगटाने २०२२ मध्ये साठीनंतर अशा कारणासाठी ॲस्पिरिन सुरूच करू नका, असं सांगितलं. पैसे बीपी मोजण्यावर आणि साखर-कोलेस्टेरॉल तपासण्यावर खर्च करा. ज्यांना ॲटॅक, स्टेंट, बायपास किंवा झटका झालेला आहे त्यांनी हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नये. त्यांच्यासाठी ॲस्पिरिनचा फायदा पक्का आहे.

पालेभाज्या बंद करायच्या का? दर महिन्याला आयएनआर तपासायचा का? (परळ)

दोन्ही नाही. ही पथ्यं आणि आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी वॉरफेरिन, ॲसिट्रोम या वेगळ्या प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांची. तुमच्याकडे ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल आहेत. मेथी, पालक, अळूचं फदफदं खुशाल खा. फोडणीतली लसूण आणि हळद यांनीही काही बिघडत नाही. लसणाच्या, फिश ऑइलच्या, गिंको बिलोबाच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

टिकाग्रेलॉर सुरू केल्यापासून मधूनच श्वास अपुरा पडल्यासारखा वाटतो. बंद करू का? (वय ५७, घाटकोपर)

बंद करू नका, डॉक्टरांना दोन दिवसांत दाखवा. हा या औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. मोठ्या अभ्यासात ते घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे १४ जणांना असा त्रास झाला. बहुधा सुरुवातीच्या दिवसांत होतो, बसल्या जागीही येतो, फुप्फुसांना इजा करत नाही आणि अनेकांचा आपोआप जातो. पण हार्ट फेल्युअरचा दम नाही ना, हे तपासायला हवं: आडवं झाल्यावर वाढतो का, पायांवर सूज आहे का, दोन-तीन दिवसांत वजन वाढलं का. त्रास असह्य असेल तर औषध बदलता येतं. ते बदल डॉक्टर करतात, कारण दुसऱ्या गोळीचा पहिला डोस कधी आणि किती, याला नियम आहे. टिकाग्रेलॉरबरोबर ॲस्पिरिन दिवसाला १०० मिलीग्रॅमच्या वर जाता कामा नये.

टीबीची औषधं सुरू झाली आहेत. हृदयाच्या गोळ्यांचं काय? (गोवंडी)

टीबीच्या डॉक्टरांना हृदयाची फाइल आणि हृदयाच्या डॉक्टरांना टीबीची फाइल दाखवा, याच आठवड्यात. टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन टिकाग्रेलॉरला शरीरातून भराभर बाहेर घालवतं, तेव्हा ती बहुधा बदलावी लागते. क्लोपिडोग्रेलचा असर ते उलट वाढवतं. टीबीचं औषध मात्र सोडायचं नाही.

संकष्टीला आणि नवरात्रात मी चंद्रोदयापर्यंत किंवा दिवसभर काही खात नाही. (वय ६४, लालबाग)

गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्या. ॲस्पिरिनने पोटात जळजळ होत असेल तर थोडं दूध किंवा फराळाचा घास आधी. निर्जळी या गोळ्यांना मानवत नाही.

पावसाळ्यात इकोस्प्रिनच्या डबीला आंबट वास येतो. चालेल का? (वय ७०, वर्सोवा)

फेकून द्या. ओलाव्याने ॲस्पिरिन तुटतं आणि त्यातून सॅलिसिलिक ॲसिड आणि व्हिनेगरचं ॲसेटिक ॲसिड सुटतं. तो वास त्याचा. असं औषध प्लेटलेटवर नीट काम करत नाही, वर पोटाला टोचतं. समुद्राकाठच्या घरांत जून ते सप्टेंबर हे सहज होतं. गोळ्या स्ट्रिपमधून काढून काचेच्या बाटलीत भरून ठेवू नका. आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत एकाच आठवड्याच्या भरा. कपाटाचा आतला खण बरा. गॅसजवळचं फडताळ आणि बाथरूममधलं कपाट नको.

पाकिटात चार इकोस्प्रिन ठेवा म्हणतात. कधी घ्यायच्या? (वय ५५, चेंबूर)

छातीत मध्यभागी दाब, आवळल्यासारखं, जबड्यात किंवा डाव्या हातात पसरणारं दुखणं, घाम, आणि ते दहा मिनिटांत जात नाही: आधी १०८ ला फोन किंवा जवळच्या हॉस्पिटलकडे, मग ७५ च्या चार गोळ्या म्हणजे ३०० मिलीग्रॅम चघळून घ्यायच्या. लेप असलेली गोळी असली तरी चघळायचीच, गिळली तर उशिरा लागते. ॲस्पिरिनची ॲलर्जी, ॲस्पिरिनने उठणारा दमा, काळी शौच किंवा चालू रक्तस्राव असेल तर नाही. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची शक्ती जाणं अशा वेळी तर मुळीच नाही. तो झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

दाढी करताना कापलं की रक्त थांबत नाही, अंगावर निळे डाग येतात. किती काळजी करायची? (वय ५८, कुर्ला)

दंडावर, मांडीवर अधूनमधून उठणारे छोटे निळे डाग अपेक्षितच आहेत. कापलेल्या जागी स्वच्छ रुमाल १० मिनिटं घड्याळ लावून दाबून धरा. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकू नका, पुढे वाका, नाकाचा मऊ भाग चिमटीत १० ते १५ मिनिटं धरा, तोंडाने श्वास घ्या. इलेक्ट्रिक शेव्हर घेतला तर रोजची कटकट वाचते. डाग तळहाताएवढे होऊ लागले, किंवा काही न लागताच नवे नवे येऊ लागले, तर सीबीसी करून डॉक्टरांना दाखवा.

डोक्याला मार लागला तर मात्र थांबायचं नाही. गाडीच्या दारात डोकं आपटलं, ओल्या फरशीवर पडलात, आणि पाच मिनिटांत ठीक वाटलं, तरीही त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये जाऊन कोणत्या गोळ्या चालू आहेत ते सांगा. मेंदूभोवतीचं रक्त हळूहळू साचतं; डोकेदुखी, गुंगी, उलटी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही सुरू होते. मोबाइलच्या कव्हरमध्ये मागच्या बाजूला एक चिठ्ठी ठेवा: गोळ्यांची मूळ नावं आणि डोस, स्टेंटची तारीख, हृदयरोगतज्ज्ञांचा आणि घरच्यांचा नंबर. बेशुद्ध माणसाचा फोन लॉक असतो, पण कव्हर कुणालाही काढता येतं.